खेळात करिअर करायचंय? मैदान तर हवंच, पण फाईलही हवी

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. ताई, मुलगी चांगली पळते, पुढं काय करू, कुठल्या अकॅडमीत टाकू, यातून नोकरी लागते का. मी शाळेपासून खो-खो खेळले, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य करत राष्ट्रीयपर्यंत गेले आणि खेळाडू कोट्यातूनच सरकारी नोकरीत लागले, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळंच माहिती असणार. सगळं नाही माहिती, पण पोरं कुठं अडतात ते चांगलं माहितीये. मैदानावर अडणारी कमी असतात हो, बहुतेक सगळी कागदावर अडतात. खेळ उत्तम, पदकं भिंतभर, आणि भरतीच्या वेळी कळतं की यातलं एकही प्रमाणपत्र चालत नाही.

म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे फोनवर लिंक पाठवली की झालं. हे महाराष्ट्रातल्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या-त्या वर्षीचा शासन निर्णय आणि जाहिरात स्वतः वाचायचीच, माझ्या किंवा सरांच्या भरवशावर राहू नका.

१. आधी ठरवा, खेळातून नक्की काय हवंय

देशासाठी खेळायचंय, नोकरी हवीय, दहावी-बारावीला सवलतीचे गुण हवेत, की पोरगं मोबाईल सोडून बाहेर पडावं एवढंच हवंय? चारही उत्तरं बरोबरच आहेत पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, आणि पालक बऱ्याचदा चौथ्यासाठी पोराला मैदानावर पाठवतात आणि दोन वर्षांनी पहिल्याची अपेक्षा धरतात.

क्रिकेटबद्दल इथं फार लिहिणार नाही. तिथं क्लब, जिल्हा असोसिएशन, मग १४, १६, १९ वर्षांखालचे संघ अशी वेगळी शिडी आहे आणि पैसाही वेगळा आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी वर्ल्ड कप जिंकला, त्यातली स्मृती मंधाना आपल्या सांगलीत वाढलेली, त्यामुळे आता मुलींना नेट्सला पाठवायला घरचे नाही म्हणत नाहीत, हे फार चांगलं झालं. पण खो-खो, कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्स, नेमबाजी, तिरंदाजी खेळणाऱ्या पोरांनी क्रिकेटरच्या पैशाशी तुलना करू नये, उगाच त्रास होतो.

आपल्याकडं खेळाडूला मान कसा मिळत गेला ते बघायचं असेल तर दोन ब्राँझ शेजारी शेजारी ठेवा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, लोकवर्गणी झाली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे दिले. नंतर खाशाबा पोलिसात लागले, १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, म्हणजे मरणोत्तर. दुसरं ब्राँझ राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, पॅरिस २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. हा रेल्वेत टीसी होता, पदकानंतर लगेच ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, म्हणून बढती मिळाली, राज्याने एक कोटी जाहीर केले. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

यातून घ्यायचं ते एवढंच की स्वप्नील पदकाआधी नऊ वर्षं रेल्वेच्या पगारावर होता. आपल्याकडचे बहुतेक मोठे खेळाडू आधी रेल्वे, लष्कर, पोलीस अशा कुठल्यातरी नोकरीत असतात आणि त्या नोकरीच्या आधारावर खेळतात. त्यामुळे "आधी पदक, मग नोकरी" हा क्रम डोक्यातून काढा.

२. शालेय आणि संघटना हे दोन रस्ते वेगळे आहेत, दोन्हीवर चाला

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो.

शालेय म्हणजे क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि तिथून निवड झाली तर स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय शालेय स्पर्धा. नोंदणी शाळेमार्फत होते, मग सगळं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं जातं. मुदत असते आणि ती पावसाळ्यातच कधीतरी येऊन निघून जाते, पीटीच्या सरांना जून-जुलैपासून विचारत राहा. शाळेत पीटीचे सरच नसतील, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी नसतात, तर मुख्याध्यापकांना भेटून सांगा की आमच्या मुलाची एंट्री करा, फी आम्ही भरतो. लाजायचं काही कारण नाही.

संघटना म्हणजे त्या खेळाची जिल्हा संघटना, तिच्यावर राज्य संघटना, तिच्यावर राष्ट्रीय महासंघ. सब ज्युनिअर, ज्युनिअर, सीनिअर अशा गटांच्या स्पर्धा. भारतीय संघाची निवड मुख्यतः या रस्त्यानं होते. शाळा संपली, की कॉलेजात आंतरविद्यापीठ स्पर्धा हा तिसरा फाटाही सुरू होतो आणि त्याची प्रमाणपत्रं नोकरीला चांगली कामाला येतात, पण मुलं ते हलक्यात घेतात.

इथले सापळे नीट वाचा:

एक, एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना. कराटे, तायक्वांदो अशा खेळांत गटबाजी वर्षानुवर्षं चाललीये. दोघंही म्हणतात आम्हीच खरे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यताप्राप्त महासंघांची यादी असते, ती बघा, आणि तुमची जिल्हा संघटना त्याच साखळीतली आहे का ते विचारा. बरं, मान्यता कायमची नसते. कुस्ती महासंघ बघा, डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयानं निलंबित केला, मार्च २०२५ मध्ये निलंबन उठवलं. मधल्या काळात पोरांचे जे हाल झाले ते झालेच. म्हणून ज्या वर्षी खेळलात त्या वर्षी मान्यता होती का, हे महत्त्वाचं.

दोन, "इंटरनॅशनल". कुणीतरी फोन करतो, नेपाळला इंडो-नेपाळ चॅम्पियनशिप आहे, भारतीय संघात तुमच्या मुलीची निवड झालीये, इतके इतके हजार भरा, तिरंगा लावलेला ब्लेझर आणि किट मिळेल. निवड चाचणी कुठं झाली विचारलं की उत्तर येत नाही. गावात फ्लेक्स लागतो, मिरवणूक निघते, आणि त्या सुवर्णपदकाला क्रीडा कार्यालयात कुणी हातसुद्धा लावत नाही. गोव्यातल्या, दिल्लीतल्या खासगी "नॅशनल"चंही तसंच. सरावासाठी, अनुभवासाठी जायचं तर जा, पण कर्ज काढून जाऊ नका.

तीन, मुलींच्या पालकांसाठी. संघ बाहेरगावी जाताना सोबत बाई मॅनेजर आहे का, राहायची सोय कुठं आहे, हे जाण्याआधी विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत विचारायचं. संघटनेत अंतर्गत तक्रार समिती आहे का तेही विचारा. प्रशिक्षक चिडले तर चिडू द्या.

३. फाईल आज उघडा, पोरगं दहा वर्षांचं असलं तरी

एक जाड फाईल, प्लास्टिकचे कप्पे असलेली. लॅमिनेशन करू नका, मूळ प्रमाणपत्रावर नंतर शिक्का, सही घ्यायची वेळ येते. फाईलमध्ये हे हवं:

- जन्म दाखला, जन्मानंतर वेळेत नोंदवलेला असेल तर उत्तम
- आधार, शाळेचा बोनाफाईड, पुढं दहावीचं बोर्ड प्रमाणपत्र
- अधिवास दाखला, जातीचा दाखला असेल तर तो
- प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र
- त्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज किंवा संघाच्या यादीची प्रत, ज्यात तुमचं नाव आहे
- निकालपत्रक किंवा ड्रॉ, किती संघ किंवा खेळाडू होते ते दिसेल असं
- संघटनेचं स्पर्धेचं पत्र, तारीख आणि ठिकाण असलेलं
- पेपरातली बातमी असेल तर कात्रण, पुरावा म्हणून कमी पडतं पण असू द्या

यातलं प्रमाणपत्र सगळे ठेवतात. त्याच्या खालचे तीन कागद, म्हणजे संघाची यादी, निकालपत्रक आणि स्पर्धेचं पत्र, कुणी ठेवत नाही आणि पडताळणीला नेमके तेच मागतात. स्पर्धा संपली की पोरं बस पकडायच्या घाईत असतात, तेव्हाच संघ व्यवस्थापकाच्या हातातल्या यादीचा आणि निकालाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि आठवड्याभरात साक्षांकित प्रत मागा. सहा वर्षांनी मागायला गेलात तर सचिव बदललेले असतात, जुने सचिव म्हणतात रेकॉर्ड नव्यांकडं दिलं, नवे म्हणतात आम्हाला काही मिळालंच नाही.

प्रमाणपत्र हातात पडल्या पडल्या, तिथंच, स्टेजवरून खाली उतरून, नाव वाचा. मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख, गट, स्थान, सही, शिक्का, अनुक्रमांक. हस्ताक्षरात लिहिलेल्या प्रमाणपत्रांवर "कांबळे"चं "काबळे" होतं, वडिलांच्या नावाची जागा कोरी राहते. माझ्यासोबतच्या एका मुलीचं आडनाव आधारवर एक आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रावर दुसरं, स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक, तर दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, संघटनेचं पत्र यातच भरतीची मुदत निघून गेली. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी राजपत्राची प्रतही याच फाईलला लावायची. राष्ट्रीय महासंघांची बरीचशी प्रमाणपत्रं आता डिजिलॉकरवर येतात, तिथं खातं उघडून आधारशी नाव जुळतंय का बघून ठेवा.

याच फाईलच्या जोरावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. आपोआप मिळत नाहीत, प्रस्ताव शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं आणि तिथून बोर्डाकडं जावा लागतो. स्तरानुसार गुण कमीजास्त. ऐन परीक्षेच्या धावपळीत ही मुदत येते, त्यामुळे एका माणसाला घरात हे काम वाटून द्या.

४. निवासी सोयी: प्रबोधिनी, साई, आर्मी बॉईज

घरची परिस्थिती बेताची आणि पोरात खरंच काही दिसतंय, तर खासगी अकॅडमीत लाखभर घालण्याआधी हे तीन दरवाजे ठोठावा.

क्रीडा प्रबोधिनी ही राज्य सरकारची. पुण्यात बालेवाडीला आणि राज्यात इतर ठिकाणीही आहेत. राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण शासन बघतं. स्वप्नील नाशिकच्या प्रबोधिनीतला, टोकियो ऑलिंपिक खेळलेला फलटणकडचा तिरंदाज प्रवीण जाधव अमरावतीच्या. प्रवेशासाठी उंची-वजन आणि शारीरिक चाचण्यांचा संच असतो: ३० मीटर धाव, शटल रन, उभी लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता, ८०० मीटर. यात कुठलाही खेळ येत असावा लागत नाही, अंगात काय आहे ते बघतात. चाचणीला नवे कोरे बूट घालून पाठवू नका, आदल्या दिवशी घेतलेल्या बुटांनी टाचेला फोड आणून ८०० मीटरला लंगडणारी पोरं दरवेळी दिसतात. उभी लांब उडी आणि मेडिसिन बॉल या दोन चाचण्या तंत्र माहीत नसल्यानं पोरांना जड जातात, महिनाभर आधी शिकून घेतलं तर गुण नक्की वाढतात.

साई म्हणजे भारतीय खेळ प्राधिकरण, केंद्राचं. मुंबईत कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला त्यांची केंद्रं आहेत. इथं येताना खेळात आधीची कामगिरी लागते. खेलो इंडिया या केंद्राच्या योजनेत निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंतची मदत असते असं तुम्ही वाचलं असेल, पण त्यातले हातात येणारे महिना १० हजार, बाकी प्रशिक्षण, राहणं, साहित्य, स्पर्धा यावर खर्च होतात. हे आधीच समजून घ्या, म्हणजे बँक पासबुक बघून निराश व्हायला नको.

आर्मी बॉईज स्पोर्ट्स कंपनी मुलांसाठी, साधारण ८ ते १४ वयात भरती, पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, खडकीचं बॉम्बे सॅपर्स, बेळगावचं मराठा लाईट इन्फंट्री अशा ठिकाणी. शिक्षण, खेळ दोन्ही, आणि वय झाल्यावर सैन्यात जाण्याची अट, ती मान्य असेल तरच. तसं सैन्यात जाऊनही खेळ सुरू होतो म्हणा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, तिथं क्रॉस कंट्री धावता धावता स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडं, वळला, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण.

५. वय खरं ठेवा

"एक वर्ष कमी लावा, एक गट जास्त खेळता येईल" हा सल्ला तुम्हाला मिळेलच, कधी कधी खुद्द प्रशिक्षकाकडून. ऐकू नका. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात, क्रिकेट बोर्डसुद्धा १६ वर्षांखालच्या मुलांसाठी टीडब्ल्यू थ्री चाचणी वापरतं. पकडलं गेलं तर बंदी येते, आणि नाही पकडलं गेलं तरी आधार एक, शाळेचा दाखला दुसरा, असा घोळ नोकरीच्या वेळी वर येतो. शालेय स्पर्धेत वय मोजायची तारीख साधारण ३१ डिसेंबर असते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्यांना गटात पुरं वर्ष मिळतं आणि डिसेंबरवाल्यांना मोठ्यांशी झुंजावं लागतं. अन्यायच आहे, पण खोट्या दाखल्यानं तो मिटत नाही.

६. गोळी, सिरप, पावडर: तोंडात टाकण्याआधी

डोपिंग, म्हणजे बंदी असलेलं औषध शरीरात जाणं, हे फक्त ऑलिंपिकवाल्यांचं काम असं समजू नका. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ पॉझिटिव्ह निघाले, आणि एवढ्या मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सगळ्यात वाईट होतं. पुरुष असो, मुलगी असो, ज्युनिअर असो, नाडाचे, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचे, लोक नमुना घेऊ शकतात.

यातला नियम कडक आहे: शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुमची. डॉक्टरनं दिलं, सरांनी दिलं, जिममधल्या दादानं शेकमध्ये घातलं, यानं सुटका होत नाही, फार तर शिक्षा कमी होते. बंदी चार वर्षांपर्यंत जाते, आणि खेळाडूची चार वर्षं म्हणजे बऱ्याचदा सगळं करिअरच.

मेडिकलमधून साधं खोकल्याचं औषध घेतलं तरी बघा, आपल्याकडच्या काही सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते प्रतिबंधित आहे. वजन उतरवायला पैलवान पोरं पाणी काढायची गोळी घेतात, फ्युरोसेमाईड वगैरे, तेही प्रतिबंधित, स्पर्धा असो वा नसो. सांधे दुखतात म्हणून गावच्या डॉक्टरनं दिलेल्या पुडीत स्टेरॉईड असू शकतं. आयुर्वेदिक लिहिलंय म्हणून चालतं असंही नाही, आणि डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेचा, शिक्का म्हणजे डोपिंगपासून सुरक्षित असंही नाही.

करायचं काय:
- कुठल्याही डॉक्टरकडं गेलं की पहिलं वाक्य, मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होऊ शकते
- नाडाचं नो युवर मेडिसिन ॲप मोबाईलवर ठेवा, औषधाचं नाव टाकून बघा
- यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते, मागच्या वर्षी चालत होतं म्हणून आज चालेल असं नाही
- दमा वगैरे खरा आजार असेल तर उपचारासाठीची सूट मिळते, तिचा अर्ज असतो, औषध सुरू करण्याआधी चौकशी करा
- पावडरीपेक्षा अंडी, दूध, शेंगदाणे, डाळ. ज्यांना सप्लिमेंट घ्यायचंच आहे त्यांनी डब्याचा बॅच नंबर आणि बिल ठेवावं

७. नोकरी: राज्य, केंद्र, रेल्वे

राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. १ जुलै २०१६ चा शासन निर्णय काढून वाचा, नंतरच्या दुरुस्त्याही वाचा. समांतर म्हणजे तुमच्या प्रवर्गाच्या आतलं, परीक्षा द्यावीच लागते, फक्त मेरिट खेळाडूंमध्ये लागतं. वरच्या गटाच्या पदाला वरच्या स्तराची कामगिरी लागते. नुसता सहभाग आणि पदक यात मोठा फरक पडतो, आणि शासन निर्णयातल्या यादीत तुमचा खेळ आहे का, हे सगळ्यात आधी बघायचं.

आता मुख्य सापळा. प्रमाणपत्र असून भागत नाही, त्याची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून झालेली लागते, तुम्ही कुठल्या गटाच्या पदासाठी पात्र ठरता याचा अहवाल मिळतो, आणि तो भरतीचा अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेआधीचा हवा. जाहिरात आल्यावर पडताळणीला पळालात तर उशीर झाला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात बाहेर आल्यापासून तपासणी कडक झालीये, संघटनेकडून रेकॉर्ड मागवतात, त्यात महिने जातात. शेवटची महत्त्वाची स्पर्धा खेळून झाली की लगेच अर्ज टाका, नोकरीचा विचार दोन वर्षांनी करायचा असला तरी. आणि फाईलमधली ती संघाची यादी आणि निकालपत्रक तिथं काढायची.

केंद्राच्या नोकऱ्यांना वेगळे नमुने असतात: देशासाठी खेळलात तर फॉर्म १, राज्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत खेळलात तर फॉर्म २, आंतरविद्यापीठ फॉर्म ३, राष्ट्रीय शालेय फॉर्म ४. प्रत्येकावर सही कुणाची लागते ते ठरलेलं आहे. सही करणारा माणूस पदावर आहे तोपर्यंत भरून घ्या.

रेल्वेची खेळाडू भरती विभागवार निघते, वय १८ ते २५, आणि वयात सूट नसते. चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतलीच कामगिरी धरतात, म्हणजे चार वर्षांपूर्वीचं राष्ट्रीय पदक तिथं उपयोगाचं नाही. १०० गुणांत कामगिरीला ५०, ट्रायलला ४०, शिक्षणाला १०, आणि ट्रायलमध्ये २५ मिळाले नाहीत तर बाकी सगळं वाया. म्हणून फॉर्मात असतानाच अर्ज करा, "अजून एक सीझन बघू" म्हणत २६ पूर्ण करणारे मी खूप बघितलेत.

थेट नियुक्तीच्या बातम्या पेपरात येतात, ललिता बाबर, राही सरनोबत उपजिल्हाधिकारी, राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक. ते आंतरराष्ट्रीय कामगिरीवर, त्यावर प्लॅन बनवू नका. खो-खोवाल्यांना मी धाराशिवच्या सारिका काळेचं नाव सांगते, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती, ती तालुका क्रीडा अधिकारी झाली.

८. नाव झालं की

राष्ट्रीय पदक आलं की गावाला तुमचा शोध लागतो. स्टेशनवर हलगी, उघडी जीप, चौकात फ्लेक्स, त्यावर तुमचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे त्याहून मोठे. शाल, श्रीफळ, फेटा. घ्या, आनंदानं घ्या, घरच्यांनीही सोसलेलं असतं. फक्त दोन गोष्टी: स्टेजवर जाहीर झालेली रक्कम म्हणजे मिळालेली रक्कम नव्हे, आणि थर्माकोलचा मोठा चेक फोटोपुरता असतो. कार्यक्रमानंतर चार-पाच दिवसांत नम्र पत्र लिहा, आपण अमुक तारखेला जाहीर केलेल्या मदतीबद्दल आभार, माझा बँक तपशील सोबत जोडला आहे. आभाराचं पत्र कुणाला खटकत नाही आणि आठवणही होते. दुसरं, सत्कार सकाळी सरावाच्या वेळी ठेवू देऊ नका.

मग लोक तुमचं ऐकायला लागतात, हे जरा अवघड प्रकरण आहे. आपल्या समाजात खेळाडूच्या शब्दाला वजन आहे. सचिन २०१२ ला राज्यसभेत गेला, कुस्तीगीर विनेश फोगट पॅरिस ऑलिंपिकला शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यानं बाद झाली आणि त्याच वर्षी हरियाणात आमदार झाली. २०२३ ला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसले तेव्हा खेळाडूंच्या छळाबद्दल देशभर बोललं गेलं, साध्या माणसानं तीच तक्रार केली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण त्या पोरींनी त्याची किंमतही मोजली. तुम्ही कधी बोलायचं ठरवलं तर आधी लेखी तक्रार, पोच, तारखा, मग माईक.

गावपातळीवर हे वजन रोज वापरलं जातं. निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराच्या गाडीवर उभं राहायला बोलावतील. नोकरीत असाल तर सेवा नियमांत बसत नाही, सरळ सांगा. नसाल तरी विचार करा, पुढच्या वर्षी मैदानाची चावी दुसऱ्याच पक्षाच्या माणसाकडं असू शकते.

सोशल मीडियावर दहा-वीस हजार फॉलोअर झाले की जाहिरातवाले येतात. पैसे घेऊन पोस्ट केली तर ती जाहिरात आहे असं लिहावं लागतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात २०२५ च्या कायद्यानं बंदच केलीये, कितीही रक्कम देतो म्हणाले तरी नाही म्हणा. पावडरच्या जाहिरातीला हो म्हणण्याआधी वरचा मुद्दा ६ पुन्हा वाचा. पुलेला गोपीचंदनं २००१ ला बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली होती, मी स्वतः जे पीत नाही ते विकणार नाही म्हणून. प्रत्येकाला परवडेलच असं नाही, ज्याच्या घरावर कर्ज आहे त्यानं बुटांची, दुधाची जाहिरात जरूर करावी. करार मात्र वाचा, "तीन वर्षं दुसऱ्या कुणासोबत नाही" अशी ओळ बारीक अक्षरात असते. नोकरीत असाल तर कार्यालयाची परवानगी आधी.

९. खेळणं थांबल्यावर

गुडघा कधीतरी बोलतोच. पंच परीक्षा खेळत असतानाच द्या, राज्य संघटना घेतात, फी किरकोळ असते आणि मैदानाशी नातं राहतं. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा, वेळ नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, शाळेत पीटी शिकवायला जायचं तर बीपीएड. फिजिओ, स्पोर्ट्स न्यूट्रिशन, कॉमेंट्री, इव्हेंट यातही आता कामं आहेत, प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाल्यापासून मैदानाबाहेरच्या माणसांनाही पैसे मिळायला लागलेत.

पंच परीक्षेच्या तारखा पेपरात येत नाहीत. जिल्हा सचिवांना फोन करून विचारा, आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर टाकायला सांगा.